वेढेकाकांचा कान

वेढेकाकूंनी कपाटातून निळा स्वेटर काढला आणि त्या बघतच राहिल्या. स्वेटरला एकच बाही होती. दुसरी खांद्यापासून गायब. कापलेली नाही, फाटलेली नाही, टाका न् टाका सोडवून नेलेली. चोरी म्हणावी तर एका बाहीसाठी घरात शिरणारा चोर अजून जन्माला यायचा होता. उंदीर म्हणावा तर उंदीर इतका टापटिपीचा कधीपासून झाला?

"अहो!" त्यांनी हाक मारली. "अहो, ऐकलंत का?"

मागच्या खोलीतून उत्तर नाही. काकूंना त्याचं नवल वाटलं नाही. पहिल्या हाकेला ओ देणारा नवरा त्यांनी चौतीस वर्षांत शेजारीपाजारीही पाहिला नव्हता. आणि गेली दोनेक वर्षं तर त्यांच्या घरात पाचव्या हाकेलाही ओ येईनाशी झाली होती. पेन्शनीत आलेल्या माणसाला बायकोचं बोलणं म्हणजे पंख्याची घरघर, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

स्वेटर हातात घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. काका पाठमोरे बसले होते. समोरच्या लांब टेबलावर दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये ताणलेली एक दोरी, आणि त्या दोरीला दोन ठिकाणी निळ्या लोकरीचे दोन गोंडे. काकू टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि स्वेटर त्यांच्या नाकासमोर धरला.

"ही माझी बाही!"

काका दचकले. मग गोंड्यांकडे बघून ओशाळे हसले. "अगं, थंडीला अजून वेळ आहे ना?"

"वेळ आहे! म्हणजे यंदा येणारच नाहीये जणू! आणि माझी रबरी चप्पल कुठंय? डावी?"

काकांनी टेबलाखाली बोट दाखवलं. चपलेच्या टाचेतून दोन गोल चकत्या कापून घेतल्या होत्या. काकूंनी कपाळावर हात मारला. बाही गेली, टाच गेली. आता रात्री झोपताना केसांची वेणी उशाखाली ठेवावी की काय?

वेढेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्या गावात त्यांना दुसऱ्या नावाने शोधायला जाल तर संध्याकाळ होईल. काका क्रॉसबोच्या दोऱ्या करत. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी दोन्ही हातांनी मागे ओढून अडकवायची, पन्हळीत बाण ठेवायचा, आणि बंदुकीसारखाच चाप दाबायचा. गावाच्या कडेला नेमबाजीचं मैदान होतं, तिथे चाळीसेक हौशी माणसं दर रविवारी लक्ष्यावर बाण मारत. त्या प्रत्येकाच्या धनुष्याची दोरी काकांच्या हातची होती. चोवीस बारीक धाग्यांचे पदर एकत्र ओढायचे, पीळ द्यायचा, मेण चोळायचं, आणि मग दोरीचा जो मधला भाग बाणाला आणि चापाला घासतो त्यावर बारीक दोऱ्याचा वेढा द्यायचा. या शेवटच्या कामात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. वेढा सैल झाला तर सरकतो. फार आवळला तर खालचे पदर कापतो. मधली जागा एका केसाएवढी, आणि ती काका कानाने ओळखत.

हे शिक्षण त्यांच्या मामाचं. मामाचं दोरखंडाचं दुकान होतं. सोळा वर्षांच्या भाच्याला तो स्टुलावर पाठमोरं बसवायचा, स्वतः वेढा घालायचा आणि विचारायचा, "आता? आता? आता?" दोरा पुरेसा घट्ट झाला की एक बारीक आवाज करतो, किर्र, मुंगीने दात खाल्ल्यासारखा. भाच्याने तिथे "बास" म्हणायचं. उशीर झाला की मामाची टपली. "दोरा पहिल्यांदा किरकिरला की थांब. दुसऱ्यांदा किरकिरायची वाट बघणारा माणूस दोरी करत नाही, फास करतो," असं मामा म्हणायचा, आणि काका ते वाक्य मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. लोक वजनं लावून, काटे लावून दोऱ्या मोजत. काकांच्या खोलीत काटा नव्हता. "माझा काटा इथे आहे," असं म्हणून ते उजव्या कानाची पाळी ओढून दाखवत.

आता या बाही-चपलेच्या प्रकरणामागे कारण तसंच होतं. मैदानाच्या भिंतीला लागून नवं बाळंतपणाचं इस्पितळ झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली. रविवारी सकाळभर भिंतीपलीकडून टण्ण, टण्ण असे आवाज येतात, बाळं दचकून उठतात, बाळंतिणी रडकुंडीला येतात. मैदान गावाबाहेर हलवा. कचेरीतून कागदही आला. सभेत सगळे खाली माना घालून बसलेले असताना काका उभे राहिले.

"मैदान हलवायची गरज नाही. आवाज मी काढून टाकतो."

"सगळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भिंतीपलीकडे डास ऐकू येईल, दोरी नाही. माझा शब्द."

महिनाभराची मुदत मिळाली. महिन्याने डॉक्टरीणबाई स्वतः येऊन ऐकणार आणि मग ठरवणार. काकूंना सभेचं कळलं तेव्हा त्यांनी हाय खाल्ली. "शब्द कशाला दिलात? प्रयत्न करतो म्हणायचं! मैदान गेलं तर तुम्ही दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांना वेढे घालाल!" पण त्यांनाही आतून ठाऊक होतं. काकांनी आजवर दिलेला शब्द फुकट गेला नव्हता. तो गेला तर त्यांच्याजवळ उरणार काय?

महिनाभर काकांनी मान वर काढली नाही. आधी भिंगरीचं धनुष्य घेतलं. भिंगरी म्हणजे त्यांची पुतणी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून ते नाव पडलं, आणि आता चोवीस वर्षांची, दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी करणारी झाली तरी ते सुटलं नव्हतं. तिचं धनुष्य मैदानावर सगळ्यांत मोठ्याने वाजायचं. काकांनी त्याचे स्क्रू आवळले. दोरी नवी केली, तिला मेण चोळलं. दोरी सुटल्यावर थरथरत राहते म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे गोंडे बांधले. दोरी पुढे जाऊन जिथे थांबते तिथे तिला टेकायला चपलेच्या टाचेच्या चकत्या बसवल्या. बाण जड घेतले. जड बाण दोरीची जास्त ताकद पिऊन जातो आणि आवाजाला कमी उरते, असं त्यांनी काकूंना जेवताना समजावून सांगितलं.

"नवऱ्यासारखं," काकू म्हणाल्या. "जितका जड तितका गप्प."

काका वरणभाताच्या ताटात बघत राहिले. काकूंना वाटलं, विनोद लागला.

रोज सकाळी काका मैदानावर जाऊन एकेक बदल तपासत. त्या वेळी तिथे एकटा म्हातारा पहारेकरी असे. त्याला सगळे होयबा म्हणत, कारण कुणी काही म्हटलं की तो मान डोलवून "हो, हो" म्हणायचा.

"आला का आवाज?" काका विचारायचे. "नाही ना?"

"हो, हो," होयबा म्हणायचा. "नाही, नाही."

तिसऱ्या आठवड्यात काका घरी आले ते हातवारे करतच. "गेला! आवाज गेला! नुसतं धप्प. उशीवर उशी टाकल्यासारखं. होयबानेही सांगितलं."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी बाही माफ करून टाकली. त्या चहा टाकून शेजारणीला सांगायला गेल्या. "किटलीकडे बघा हो, शिट्टी झाली की बंद करा," असं दारातून म्हणाल्याही. परत आल्या तर घरभर जळका वास. किटली काळी ठिक्कर, तळ लालभडक, आणि तिच्यापासून चार हातांवर काका शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"अहो, शिट्टी ओरडून ओरडून मेली असेल! काय करत होतात?"

"कुठे शिट्टी झाली?" काका म्हणाले. खरोखर गोंधळून.

काकूंना धक्का बसला तो किटलीचा. चांगली बहिणीने दिलेली किटली होती. त्या तणतणल्या, काळा तळ घासला, घासला, आणि तो निघेना तेव्हा डोळे पुसून गप्प बसल्या. बहीण आता नव्हती. ते दुखणं वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी, वर्ष सरता सरता, बहिणीकडून निरोप आला होता की ती फार आजारी आहे. काकूंनी स्वयंपाकघरातून काकांना सांगितलं होतं, "अहो, ताईचं काही खरं नाही, आपण आत्ताच निघूया का?" काका मागच्या खोलीत काम करत होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग उठले, टोपी घातली, आणि मैदानावर निघून गेले. काकू दारात उभ्या राहिल्या, फाटकापर्यंत हाक मारली. वळूनही बघितलं नाही. त्या एकट्याच गेल्या. बहीण तिसऱ्या दिवशी गेली. परत आल्यावर आठ दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत, आणि काकांनीही का म्हणून विचारलं नाही. नंतर बोलणं सुरू झालं, पण ती गाठ तशीच राहिली. आवळलेली.

ठरलेला रविवार उजाडला. मैदानावर सगळे जमले. आपापली धनुष्यं घेऊन आले होते, कारण परवानगी मिळाली की लगेच नेमबाजी सुरू करायची होती. भिंतीलगत खुर्च्या मांडल्या. पहिल्या खुर्चीत डॉक्टरीणबाई, बाजूच्या खुर्चीत काकू, एका बाहीचा स्वेटर घालून. दुसरी बाही भिंगरीच्या धनुष्यावर आहे हे सगळ्यांना कळावं, एवढी त्यांची इच्छा होती.

भिंगरीने धनुष्याचं तोंड जमिनीला टेकवलं. पुढच्या टोकाला लोखंडी कडी असते, तीत पाय घालून दोरी ओढायची असते. तिने दोरी ओढून अडकवली, बाण ठेवला, नेम धरला.

धप्प. आणि त्याच्या पाठोपाठ, टण्ण्ण.

बारीक, तीक्ष्ण, लांबत गेलेला टण्ण. ताटावर चमचा मारून ताट कानापाशी धरावं तसा. भिंतीपलीकडे एक बाळ रडायला लागलं. मग दुसरं.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बघितलं. आणि वेढेकाका दोन्ही हात पसरून सगळ्यांकडे वळले. चेहरा असा फुललेला की काकूंनी तो लग्नानंतर क्वचितच पाहिला असेल.

"ऐकलंत? काही आहे का? नुसतं धप्प!"

मागे कुणीतरी खुसकन् हसलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, काका थट्टा करताहेत. त्याही हसल्या. "काका, पुरे. बाळं बघा कशी दाद देताहेत."

"कुठली बाळं?" काका म्हणाले.

हसू तिथल्या तिथे थिजलं. काकू काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे थट्टा नव्हती. तिथे किटलीपुढचा तोच गोंधळलेला चेहरा होता. कुठे शिट्टी झाली? कुठली बाळं? त्यांनी होयबाकडे बघितलं. होयबा नेहमीसारखा मान डोलवत होता.

"होयबा, आत्ता आवाज आला का हो?" भिंगरीने विचारलं.

"हो, हो."

"की नाही आला?"

"नाही, नाही."

"आजोबा, तुम्ही आधी कुठे कामाला होतात?"

होयबाने हात कानामागे नेला. तिने ओरडून पुन्हा विचारलं. "पत्र्याच्या कारखान्यात," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं. हातोड्यावर."

म्हणजे महिनाभर दोन बहिरे रोज सकाळी एकमेकांना शांततेची ग्वाही देत होते. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर काकू पोट धरून हसल्या असत्या.

काका अजून उभेच होते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या लक्षात येत होतं. आधी ओठ मिटले. मग पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"काका, माझीच काहीतरी चूक झाली असेल," भिंगरी घाईघाईने म्हणाली. तिला ते बघवेना. "मी परत मारते हं. परत ऐका." तिने धनुष्य खाली टेकवलं, कडीत पाय घातला, वाकून दोन्ही हातांनी दोरी धरली.

वाकलेली ती. तोंडाखाली दोरी. दोरीच्या मधोमध काकांचा वेढा.

आणि काकूंना आवाज आठवला. किर्र. तीस वर्षं भाजी चिरताना मागच्या खोलीतून त्यांनी तो ऐकला होता, मुंगीने दात खाल्ल्यासारखा, एकदाच, आणि मग थांबायचा. अलीकडे तो एकदाच येत नव्हता. किर्र, किर्र, मग कर्रर्र, दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा, आणि कितीदा तरी फट्कन दोरा तुटायचा. काका कारखान्याला शिव्या द्यायचे, "दोरा पूर्वीसारखा राहिला नाही." काकूंनाही तेच वाटलं होतं, नवा दोरा असेल. पहिल्यांदा किरकिरला की थांब. ज्याला पहिला ऐकूच येत नाही तो थांबेल कधी?

"थांब!"

काकूंचा आवाज इतका फुटला की भिंगरीने दोरी सोडून दिली. "थांब, सोड ते! पाय काढ! हात लावू नकोस दोरीला!"

"काकू, काय झालं?"

"वेढा उकल. आत्ता, इथेच."

"काकू, नवी दोरी आहे, या महिन्यातली..."

"म्हणूनच सांगते. उकल!"

भिंगरीने काकांकडे बघितलं. काकांना शब्द ऐकू आले की नाही कोण जाणे, पण काकूंचं बोट वेढ्यावर होतं आणि त्यांनी ते ओळखलं. ते चाळीस वर्षं दोरीत होते. त्यांनी पुढे येऊन स्वतःच धनुष्य आडवं घेतलं, दोरी उतरवली, खिशातल्या लहान सुरीने वेढ्याचं टोक सोडवलं आणि एकेक फेरा उलगडू लागले. खाली पदर दिसायला लागले. चपटे झालेले, वेढ्याच्या रेषांनी चावल्यासारखे. मधोमध चोवीसांतले पाच तुटलेले होते, आणि सहावा काकांचं बोट लागताच तुटला.

कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ओढता ओढता दोरी तुटली तर धनुष्याची पाती उलटून फुटतात आणि तुकडे थेट तोंडावर येतात. भिंगरी मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाई तक्रार विसरून तिच्याजवळ गेल्या.

काका सुरी हातात धरून उभे होते. मग ते बोलले, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने, जसे ते हल्ली बोलायचे आणि काकूंना वाटायचं की ओरडतात.

"सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवा. माझी दोरी असलेलं एकही धनुष्य आज कुणी ओढायचं नाही. उतरवा. सगळ्या उतरवा."

"काका, सगळ्याच कशाला..." कुणीतरी म्हणालं.

"मला ऐकू येत नाही!" काका म्हणाले. एवढंच. चाळीस माणसांसमोर. ज्या कानाची पाळी ओढून दाखवायचे तो कान लाल झाला होता.

दुपार दोऱ्या उकलण्यात गेली. काका, भिंगरी आणि काकू, तिघं सतरंजीवर बसले, लोक एकेक दोरी आणून देत होते. काका प्रत्येक दोरीच्या टोकाच्या फासाजवळ वर्षाची खूण म्हणून रंगीत धागा बांधत. यंदाचा हिरवा, गेल्या वर्षीचा लाल, त्याआधीचा पिवळा. त्याखाली लहानशा चिठ्ठीवर महिना. हिरव्या सगळ्या चावलेल्या निघाल्या. लाल, वर्षाच्या शेवटच्या जास्त, सुरुवातीच्या कमी. भिंगरी महिन्यांप्रमाणे त्या ओळीने मांडत गेली, आणि मांडता मांडता तिच्याही लक्षात आलं की ही नुसती दोऱ्यांची रांग नाही. काकांचा कान कसा कसा गेला, ते त्या सतरंजीवर पडलं होतं.

पिवळ्या आल्या. वर्षाच्या मधल्या निर्दोष. इतक्या सुबक की काका त्या उकलताना क्षणभर रमले. मग वर्षाच्या शेवटची एक. पदरांवर अगदी फिकट रेघ. तुटलेलं काही नाही, पण रेघ होती.

"इथून सुरू झालं," भिंगरी म्हणाली.

काकूंनी चिठ्ठी बघितली. महिना वाचला. आणि पुन्हा वाचला. तो ताईच्या आजाराचा महिना होता. दाराशी हाक मारल्याचा. फाटकापर्यंत.

त्यांनी काकांच्या दंडाला हात लावला. काका वळले. काकूंनी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि सावकाश विचारलं, "मी ताईकडे गेले, ते आठवतं? त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं. निघूया का म्हणून. हाका मारल्या."

काकांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"तू बोलली होतीस?"

"चांगली तीनदा."

"मला वाटलं..." काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी घरी आलो तर तू नाहीस. शेजारच्यांनी सांगितलं, बहिणीकडे गेली. मला वाटलं, मला न सांगता गेलीस. मला बरोबर नेण्याच्या लायकीचाही समजली नाहीस. परत आलीस तर बोलेनास. मग मी कशाला विचारू?"

दोन वर्षं. एकाच छताखाली दोघं एकाच गोष्टीवरून रुसून बसली होती, आणि दोघांचीही चूक नव्हती. त्यांनी काकांना दगड समजलं होतं. जगाला किर्र ऐकवणारा माणूस आपल्या घरात हळूहळू बुडत चालला होता, आणि बिघडलेला आवाज रोज ऐकणारी एकटी बाई नवा दोरा असेल म्हणून कांदा चिरत राहिली होती. आधी बोलल्या असत्या तर? भिंगरी वाकलेली होती. तोंडाखाली दोरी.

त्या उकललेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी मुदत वाढवून दिली. "शब्द तुम्ही पाळलात की," असं त्या काकांसमोर उभं राहून म्हणाल्या. "आज आधी दोऱ्या उतरवल्यात, मग माझं इस्पितळ आठवलंत. अशा माणसाला महिना द्यायला माझी हरकत नाही. पण कान तपासायला उद्या यायचं. माझ्याकडे नाही, माझ्याकडे बाळं येतात. पत्ता देते."

कानाचं यंत्र आलं ते तीन आठवड्यांनी. तोवर भिंगरीने काकांच्या टेबलाला एक लहान ताणकाटा बसवला. काकांनी आधी तोंड वाकडं केलं, दोन दिवस काट्याकडे पाहुण्यासारखं बघितलं, मग बसले. तरी पहिली दोरी करताना त्यांनी काकूंना बोलावलं आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं. पाठमोरं नाही, समोर. काट्याची सुई ठरल्या जागी पोचली त्याच क्षणी काकू म्हणाल्या, "बास." काकांनी सुईकडे बघितलं, काकूंकडे बघितलं.

"तुला कुणी शिकवलं?"

"चौतीस वर्षं भिंतीपलीकडे बसलेय मी," काकू म्हणाल्या.

आणि तो टण्ण? तो दोरीचा नव्हताच. भिंगरीने एकेक भाग हाताने दाबून धरत धनुष्य वाजवून बघितलं, तेव्हा कळलं की पाय घालायची लोखंडी कडी तेवढी सैल राहिली होती आणि दोरी सुटली की घंटेसारखी घणघणत होती. दोरीचा आवाज काकांनी खरंच घालवला होता. उरला होता तो फक्त बारीक, त्यांना ऐकू न येणारा. कडी आवळली, आणि तिला गुंडाळायला काहीतरी मऊ हवं होतं. काकूंनी कपाट उघडलं. एक बाही असलेला स्वेटर तसाही कुणी घालत नाही.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई भिंतीपलीकडेच थांबल्या. पाच बाण झाल्यावर त्यांनी खिडकीतून विचारलं, "सुरू कधी करताय?"

घरी आल्यावर काकूंनी चहा ठेवला, नव्या किटलीत. काका मागच्या खोलीत पाठमोरे बसले होते. यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं होतं, कानात टोचतं म्हणून. काकू दारात आल्या, तोंडातून "अहो" निघालं, आणि त्या थबकल्या. किती वर्षं ही हाक त्या पाठीला मारत होत्या.

त्या आत गेल्या, टेबलाला वळसा घालून समोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "चहा घेता?"